नदीतला लाल तंतू

कागदोपत्री तिचं नाव चांगलं चार अक्षरी, भारदस्त होतं. पण ते सहीपुरतं. एरवी ती हुडहुडी. हे नाव ठेवलं तिला वाढवणाऱ्या आत्याने, आणि ते इतकं चपखल बसलं की लग्नानंतर नवऱ्यानेही दुसरं शोधायचे कष्ट घेतले नाहीत. दफ्तरखान्यात समोर तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की हुडहुडी. तिला ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नसे. लोक अजून पंख्याखाली बसलेले असायचे तेव्हा हिचे पायमोजे बाहेर निघायचे, आणि लोकांनी गरम कपडे धुऊन पेटीत टाकल्यावरही महिनाभर ही गळ्याशी बटण लावून असायची.

थंडी वाजणं वेगळं आणि थंडी बाधणं वेगळं. हा फरक ज्याला बाधते त्यालाच कळतो. हुडहुडीच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गारठ्यात आधी पांढरीफटक पडत, मग निळसर होत, आणि पुन्हा रक्त आलं की अशी ठणकत की डोळ्यांत पाणी यावं. पांढरी असताना त्यांत जीव म्हणून नसे. टाचणी टोचली तरी कळणार नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की घाबरण्यासारखं काही नाही, अंग उबदार ठेवा. नुसते हात नव्हे, सगळं अंग. बाकीच्यांचे सल्ले फुकटचे होते. कुणी म्हणे व्यायाम कर, कुणी म्हणे मनावर घेऊ नकोस. मनावर घेतल्याने बोटं पांढरी पडतात असं मानणाऱ्याशी वाद घालायला ती कधी गेली नाही.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम आलं ते दफ्तरखान्याच्या तळघरात. फाटलेले, कुरतडलेले, घड्यांवर तुटलेले जुने कागद सांधायचं काम. तिथे कागदांना मानवेल इतकाच गारवा कायम राखलेला असे आणि हीटरला सक्त मनाई. दफ्तरखाना कागदांसाठी बांधलेला होता, माणसं तिथे आपली पगारापुरती. पण हुडहुडीला त्या कामाचं वेड होतं. चुरा झालेला कागद तिच्या टेबलावर यायचा आणि दोन-चार महिन्यांनी धड होऊन उठायचा. अशी सोळा वर्षं गेली.

ती निभावली एका स्वेटरच्या जिवावर. आत्याने विणलेला, जाड, टोमॅटोसारखा लालभडक स्वेटर. आत्याही जन्माची काकडणारी, त्यामुळे लोकरीच्या बाबतीत तिने हात आखडता घेतला नव्हता. "लाल दिसलं की थंडी लांबूनच वळते," असं ती ठणकावून सांगायची, जणू थंडी म्हणजे समोरून येणारी कुणी नकोशी बाई. आत्याला जाऊन अकरा वर्षं झाली. स्वेटरची कोपरं दोनदा रफू झाली होती. हुडहुडी तो एप्रनच्या आत घालायची. गळ्याशी आणि मनगटाशी तेवढी लाल कड डोकवायची.

गेलं दीड वर्ष तिच्या टेबलावर एकच काम होतं, नदीचा नकाशा. सगळी नदी, तिचे दोन्ही काठ, पूल, घाट, पाण्याचे पाट, असं सगळं कुणा जुन्या मोजणीदाराने हाताने काढलेलं. कुणीतरी तो भलत्याच घड्या घालून ठेवला होता, आणि उघडला तेव्हा त्याचे एकतीस तुकडे झाले. ते एकतीस तुकडे तिने जुळवले. गेल्या आठवड्यात मागून पातळ कागदाचं अस्तर चढवलं. अस्तर एकटीच्याने चढत नाही. खळ लावलेला ओला कागद दोघांनी दोन टोकांना धरून अलगद उतरवावा लागतो. दुसरं टोक खुद्द मोठ्या बाईंनी धरलं होतं. मोठ्या बाई म्हणजे दफ्तरखान्याच्या प्रमुख. बसायच्या वरच्या मजल्यावर, पण नाजूक कामाला आवर्जून खाली यायच्या.

शुक्रवारी दाबाखालून नकाशा निघाला. मोठ्या बाई खाली आल्या, मफलरचं टोक खांद्यावरून मागे टाकलं, चष्मा कपाळावर चढवला आणि नकाशावर ओणवल्या. नदीच्या उगमापासून नजर फिरवत फिरवत पुलापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"हे काय?"

हुडहुडीने वाकून पाहिलं. पुलाच्या अलीकडे, नदी वळते तिथे, नकाशा आणि अस्तराच्या मधे, नखाएवढा एक तंतू होता. लालसर. कागदाखालून मंद दिसत होता, पण दिसत होता.

"लोकर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी हुडहुडीच्या मनगटाकडे पाहिलं. हुडहुडीनेही आपल्या मनगटाकडे पाहिलं. लाल कड एप्रनच्या बाहीतून ऐटीत डोकावत होती.

मोठ्या बाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. करत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "लोकरीला कीड लागते. ती आत ठेवून हा नकाशा मी पुढच्या शंभर वर्षांसाठी कपाटात ठेवू शकत नाही. काढावी लागेल. आणि यापुढे या खोलीत लोकर चालणार नाही."

"बाई, लोकरीशिवाय माझी बोटं..."

"माहीत आहे मला. म्हणून सांगतेय. वर काउंटरची जागा रिकामी आहे. ऊन येतं, हीटर आहे. लोकांना अर्ज द्यायचे, घ्यायचे. पगार तोच. विचार कर."

"हा नकाशा कोण पुरा करणार?"

मोठ्या बाईंनी नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढचा सोमवार सोडून त्याच्या पुढचा. लोकर न घालता ये आणि माझ्यासमोर तो तंतू काढ. हात नीट चालला तर जागा तुझी. नाही चालला तर दुसऱ्याच दिवशी काउंटर. चालेल?"

चालेल म्हणण्यावाचून इलाजच नव्हता. पण काय मागितलं होतं ते हुडहुडीला बरोबर कळलं होतं. अस्तर उघडायचं म्हणजे तेवढीच जागा ओली करायची आणि थांबायचं. आतली खळ सैल व्हायच्या आधी उचललं तर नकाशा फाटतो. उशीर झाला तर शाई पसरते आणि नदी काठ सोडते. नेमकी वेळ डोळ्याला दिसत नाही. ती बोटाच्या टोकाला कळते. कागद खालून किंचित सरकतो, तेवढंच. बोटात जीव नसेल तर काही म्हणजे काही कळत नाही.

घरी येऊन तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. तिचा नवरा वाफेच्या पाइपांना आवरण चढवणारा कारागीर. मोठ्या धुलाई कारखान्याच्या बॉयलरघरात गेली तीस वर्षं तो पाइप गुंडाळत होता. स्वतः इतका गरम अंगाचा की मित्र त्याला भट्टी म्हणत. भर थंडीत अर्ध्या बाह्यांत हिंडायचा आणि हिच्या पांघरुणांच्या ढिगाकडे बघून हसायचा.

"मग बस की काउंटरला," भट्टी म्हणाला. "ऊन आहे, हीटर आहे. लोक यासाठी वशिले लावतात."

"मला नाही बसायचं."

"अगं पण का?"

"मला कागद सांधायचेत," हुडहुडी म्हणाली, आणि एवढं साधं वाक्य बोलताना तिला रडू आलं. "एकतीस तुकडे मी जुळवलेत हो. आता शेवटच्या एका दोऱ्यापायी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा? आणि चूक माझी आहे. माझी चूक मीच निस्तरणार."

भट्टीने नेहमीसारखी थट्टा केली नाही. पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "बरं. उद्या बाजारात जाऊ. लोकरीशिवाय जगात काही गरम नाही असं थोडंच आहे."

बाजारात गरम कपड्यांच्या दुकानात एक बोलका दुकानदार होता. गिऱ्हाइकाचं तोंड उघडायच्या आत त्याला हवं ते कळतं, असा त्याचा समज. त्याने आधी मऊ, लवदार कापडाचं जाकीट काढलं. हुडहुडीने त्याच्या बाहीवर ओला अंगठा फिरवला आणि दुकानदाराला दाखवला. अंगठ्याला लव चिकटली होती.

"इतकी लव काय, कुत्रं पाळलं तरी लागते," दुकानदार म्हणाला.

"माझ्या टेबलावर कुत्रं नसतं."

मग आलं फुगीर, सरसर वाजणारं जाकीट. गरम होतं, लव नव्हती. हुडहुडीचा जीव जरा खाली बसला. पण तिने काउंटरलाच टेबल समजून हात पुढे केला, खळ लावल्यासारखा, आणि त्या फुगलेल्या बाहीने दुकानदाराच्या पावत्या, पेन आणि चहाचा कप असं सगळं एका दमात झाडून टाकलं. कप रिकामा होता म्हणून निभावलं. नदीच्या जागी या पावत्या असत्या तर, असा विचार करून तिने जाकीट स्वतःच काढून ठेवलं.

"हिला अंगाला बसणारं काहीतरी द्या," भट्टी म्हणाला. "घट्ट. आत घालायचं. लव नसलेलं."

दुकानदाराने अंगाला चापून बसणारे पातळ आतले कपडे काढले. भट्टीने दोन जोड घ्यायला लावले, एकावर एक घालायला. वरून एक गुळगुळीत, कमरेत आवळणारी बंडी. हातांसाठी बोटं उघडी असलेले सुती हातमोजे, मनगटाला चांगलं इलॅस्टिक असलेले. हुडहुडी आरशात बघून म्हणाली, "मी गुंडाळी करून ठेवलेल्या गादीसारखी दिसतेय."

"गादी गरम असते," भट्टी म्हणाला आणि पैसे देऊन टाकले.

सोमवारी ती सगळा जामानिमा करून तळघरात गेली. बसताना वाकवेना आणि श्वास पुरा घेता येईना, पण त्याला तिची ना नव्हती. अकरा वाजेपर्यंत तीन बोटं पांढरी पडली. स्वेटर असताना पडायची तेव्हा जेवणाच्या सुट्टीच्या आसपास पडायची. तिने हातमोजे चढवले. तासाभराने काढले तर बोटं अजून पांढरीच, आणि मनगटावर इलॅस्टिकचा वळ. मंगळवारी चौथं बोटही गेलं. बुधवारी तिने आतल्या कपड्यांचा तिसरा थर चढवला, आणि त्या दिवशी तर चिमटा हातातून कधी पडला ते तिला आवाज झाल्यावर समजलं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी वळून पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. हुडहुडीला त्या सभ्यपणाचा फार राग आला.

गुरुवारी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. भट्टी घाईत डबा घरीच विसरला होता, म्हणून ती डबा घेऊन धुलाई कारखान्यात गेली. खरं सांगायचं तर डबा हे निमित्त होतं. बॉयलरघरात बसायला मिळावं, एवढीच तिची इच्छा होती.

बॉयलरघर म्हणजे तिच्या लेखी स्वर्ग. ती भिंतीशी खुर्चीवर बसली आणि हळूहळू सैलावली. भट्टी एका नव्या पाइपावर काम करत होता. पांढरा, मऊ कापसासारखा थर त्याने पाइपाभोवती लपेटला, वरून जाड कापड घेतलं आणि वाकड्या सुईने शिवायला लागला. टाके असे सरळ, की पट्टी ठेवून घातल्यासारखे. मधेच थांबला, दोन टाके उसवले, कापड जरा ढिलं केलं आणि पुन्हा शिवलं.

"कशाला उसवलंत? चांगलं तर बसलं होतं," ती म्हणाली.

"फार बसलं होतं. आवळलं की आतली हवा जाते. ऊब काय त्या कापसात असते होय? ऊब असते त्यातल्या हवेत. हवा दाबून काढली की मग पोतं गुंडाळा नाहीतर कागद, सगळं सारखंच. आमच्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. गुंडाळायचं, आवळायचं नाही."

सुई चालू होती. हुडहुडी टाके बघत राहिली. जरा वेळाने तिने पलीकडच्या एका पाइपाकडे बोट केलं. "तो पण गरम का?"

"तो? छे, तो थंड पाण्याचा."

"मग त्याला कशाला गुंडाळलंय?"

"थंड राहावा म्हणून. आवरण थोडंच गरम करतं? आत जे असतं ते राखतं. गरम असेल तर गरम, थंड असेल तर थंड."

हे म्हणता म्हणता भट्टीची सुई मंदावली. हुडहुडीने आपले दोन्ही हात पुढे करून त्याला दाखवले. मनगटावरचे वळ अजून गेले नव्हते.

"मला तीन थर आवळून घातलेत," ती म्हणाली. "आणि बोटं गार पडली की मी वरून हातमोजे चढवते. रोज. आणि रोज संध्याकाळी तुम्हाला सांगतेही."

भट्टी खाली बसला. तीस वर्षं ज्या गोष्टीत त्याला कुणी हरवलं नव्हतं, त्याच गोष्टीत त्याने बायकोला बाजारातून गारठा विकत घेऊन दिला होता, आणि वर पैसेही मोजून दिले होते. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"पाइप म्हणून बघितलंच नाही गं तुला कधी," तो म्हणाला.

हुडहुडी इतकी हसली की डब्याचं झाकण हातातून निसटलं.

मग दोघं कामालाच लागले. थरांची संख्या वाढवून भागणार नव्हतं. सैल, आत हवा राहील असं, अंगाला धरून पण न आवळणारं काहीतरी हवं होतं. कोपराच्या पुढे बाहीचा फुगवटा नको. बाहेरून गुळगुळीत, लव न सोडणारं. दुकानदाराकडे असलं काही नव्हतं, त्यामुळे शिवावं लागणार होतं. वरचं कापड हुडहुडीने निवडलं. घट्ट विणीचं सुती, ज्यातून ओल्या अंगठ्याला एक कण लागला नाही. तिने ते दहा ठिकाणी तपासलं. प्रश्न राहिला आत काय भरायचं. भट्टीचा कापूस दिसायला मऊ, पण अंगाला टोचतो, तो पाइपांनाच ठीक. दुकानातली साध्या कापसाची भर एका धुण्यात गोळा होते.

"लोकर," भट्टी म्हणाला. "लोकरीसारखं काही नाही. दोन्हीकडून कापडात बंद केली तर बाहेर येणार कुठून?"

"मोठ्या बाई?"

"दिसली पाहिजे ना त्यांना."

"मी सांगणार त्यांना आत लोकर आहे म्हणून," हुडहुडी म्हणाली. शुक्रवारी तिने सांगितलंही. मोठ्या बाईंनी वरच्या कापडाचा तुकडा भिंगाखाली घातला, ओढून पाहिला, पाण्यात बुडवून पाहिला आणि म्हणाल्या, "आत काय आहे त्याच्याशी मला देणंघेणं नाही. बाहेर एक तंतू यायला नको."

लोकर घरात एकच होती.

रविवारी दुपारी हुडहुडीने आत्याचा स्वेटर टेबलावर पसरला आणि कात्री घेतली. भट्टी दोरीने तिचं माप घेत होता, छाती, खांदे, पाठ, आणि प्रत्येक मापावर दोन बोटं सैल. तो दोरी हातात धरून थांबला.

"मी नवी लोकर आणतो उद्या."

"परीक्षा उद्याच आहे. आणि चूक यानेच केलीय," ती म्हणाली. "शिक्षा म्हणून नाही. पण आता याला बाहेर हिंडता येणार नाही. आत राहू दे."

असं म्हणाली खरी, पण पहिला काप घेताना तिने दोनदा कात्री लावली आणि दोनदा मागे घेतली. अकरा वर्षांत त्या स्वेटरला आत्याचा वास उरलेला नव्हता, तरी कापताना तिला तो आल्यासारखा वाटला. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्यांचा कोपरापर्यंतचा तुकडा. उरलेल्या मनगटांच्या कडा तिने दोन कापडी नळ्यांत घातल्या. त्या मनगटावर सैल बसणार होत्या. भट्टीने वाकड्या सुईने शिवायला घेतलं. ढिले, तिरके टाके, पण एकसारखे. संध्याकाळपर्यंत करड्या रंगाची एक साधी बंडी तयार झाली. दिसायला अगदीच गावंढळ. हुडहुडीने ती घातली, हात वर केले, खाली वाकली, पोटभर श्वास घेतला.

"कशी आहे?"

"आत्यासारखी," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी भट्टीने तिला पांघरुणातून उठल्या उठल्याच बंडी घालायला लावली. "गरम आहेस तोवर घाल. ऑफिसात जाऊन नको." वाटेत हात खिशात, मनगटं नळ्यांत. दफ्तरखान्यात पोचल्यावर तिने कोमट पाण्यात हात बुडवले, नीट पुसले, आणि मगच तळघराचा जिना उतरली.

मोठ्या बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. मफलर गळ्यात, चष्मा कपाळावर. नकाशा उलटा करून अस्तराची बाजू वर ठेवली होती. हुडहुडीने बारीक ब्रशने तंतूच्या भोवती पाण्याची कड ओढली, जेमतेम तीन नखांएवढ्या जागेवर. मग ब्रश ठेवला आणि मधल्या बोटाचं टोक हलकेच त्या ओल्या कागदावर टेकवून थांबली.

मिनिटभर काही नाही. दुसऱ्या मिनिटाला मोठ्या बाईंनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. हुडहुडीला बोटाखाली कागदाची वीण कळत होती, पाण्याचा गारवा कळत होता, आपलीच नाडी कळत होती. इतकं सगळं कळतंय, याच आनंदात ती वेळ चुकवते की काय, असं तिला वाटून गेलं. मग कागद सरकला, अगदी किंचित. तिने हाडाची पट्टी कडेखाली घातली, अस्तराचा तुकडा पानासारखा उलटला, चिमट्याने तंतूचं टोक धरलं आणि नदीच्या वळणावरून तो सावकाश ओढून काढला. शाईचा एक थेंब हलला नाही. उलटलेला तुकडा तिने नव्या खळीने परत बसवला, टीपकागद ठेवला, वर वजन ठेवलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"हात दाखव," मोठ्या बाई म्हणाल्या.

तिने दाखवले. बोटं गुलाबी होती.

मोठ्या बाईंनी मान डोलावली. "जागा तुझी."

हुडहुडीने तो तंतू पांढऱ्या टीपकागदावर ठेवला आणि भिंग धरलं. सोळा वर्षं अंगावर वागवलेली आणि काल दुपारभर कापलेली लोकर तिला पाठ होती. तिचा धागा गुबगुबीत, लालभडक. हा तंतू बारीक होता, केसाळ होता, आणि खळीतून मोकळा झाल्यावर त्याचा रंग लाल नव्हताच. किरमिजी होता.

तिने भिंग मोठ्या बाईंपुढे सरकवलं.

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाकल्या. वाकताना त्यांच्या मफलरचं टोक खांद्यावरून घसरून टेबलावर आलं, तंतूच्या शेजारी. दोन्हींचा रंग एक. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. नकाशावर अस्तर उतरवताना दुसऱ्या टोकाला अशाच वाकल्या होत्या.

"मी तर नुसती बघायला येते," त्या म्हणाल्या. "माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

हुडहुडीला राग आला. चांगला सणसणीत. दहा दिवसांची गमावलेली झोप आठवली, दुकानातली गादी आठवली, आणि सगळ्यात आधी आठवला कात्रीचा पहिला काप. बिचाऱ्या स्वेटरने काही म्हणजे काही केलं नव्हतं.

"बाई, काल मी माझा स्वेटर कापला," ती म्हणाली. "आत्याचा होता."

मोठ्या बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, दाराबाहेर गेल्या, तिथल्या खुंटीवर तो अडकवला आणि परत येऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या. मफलरशिवाय त्यांची मान एकदम म्हातारी दिसत होती.

"चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "आणि मी तुला वर पाठवायला निघाले होते. वरच्या नोंदवहीत तसं लिहून ठेवते, माझ्या हाताने."

हुडहुडीने मान डोलावली. राग लगेच गेला नाही, पण बंडीच्या आत पाठीला ऊब होती आणि ती सकाळपासून तसूभरही कमी झाली नव्हती. आत्या आत राहिली होती, एवढंच काय ते.

मोठ्या बाई अजून गेल्या नव्हत्या. दोन्ही हात काखेत घालून उभ्या होत्या. सोळा वर्षांत हुडहुडीने त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तरी कळलं नव्हतं. आता तिने त्यांच्या बोटांकडे नीट पाहिलं. दोन बोटांची टोकं पांढरी होती.

"बाई, तुम्हालापण?"

"पुष्कळ वर्षं," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणून तर वरचा मजला घेतला." मग दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "तुझे यजमान दुसरी शिवून देतील का गं?"

"देतील की. पण आत घालायला लोकर लागते."

मोठ्या बाईंनी उघड्या दारातून खुंटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो मफलर त्यांना कुणी दिला होता ते हुडहुडीने विचारलं नाही.

"माप घ्यायला कधी येऊ?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"रविवारी या. मापाची दोरी घरीच आहे," हुडहुडी म्हणाली. "आणि कात्री तुम्ही चालवा. पहिला काप ज्याचा त्याने घ्यावा लागतो."